तीनशे शब्दांचा निबंध आणि तीनशे किलोमीटरचा वेग

साहित्यविषयक लेखनाच्या या जागेत मोटारगाड्यांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आमच्या स्नेह्यांनी तो हे टिपण लिहून होण्याआधीच विचारला. समीक्षकाने पुस्तकांविषयी बोलावे, गाड्यांविषयी बोलणारी माणसे वेगळी आहेत, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप सभ्य आहे. पण मराठी साहित्याकडे पाहिले की तो टिकत नाही.

पु. ल. देशपांडे यांच्या 'म्हैस'मध्ये एस.टी.ची गाडी म्हशीला धडकते आणि थांबते. ती थांबते म्हणून कथा सुरू होते. आनंद यादवांच्या 'गोतावळा'त (१९७१) मळ्यावर ट्रॅक्टर येतो, जनावरे जातात आणि त्यांच्याबरोबर नारबाचे सगळे नात्यागोत्याचे जग उखडले जाते. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त वाड्याच्या पुढ्यात ट्रॅक्टर गंजत पडला आहे, आणि देशपांडे घराण्याच्या उतरणीविषयी त्या न चालणाऱ्या यंत्राइतके नेमके बोलणारे पात्र त्या नाटकात क्वचितच सापडेल. रोलाँ बार्थने १९५७ साली आपल्या 'मिथॉलॉजीज'मध्ये सित्रोएनच्या नव्या मोटारीवर स्वतंत्र निबंध लिहिला, तो आपण पदव्युत्तर वर्गात भक्तिभावाने शिकवतो. म्हणजे वाहन हे वाचण्याजोगे चिन्ह आहे, हे आपल्याला तत्त्वतः मान्य आहे. ते पॅरिसमधले किंवा पन्नास वर्षांपूर्वीचे असावे, एवढीच आपली अट दिसते.

आम्ही ज्या शहरात राहतो आणि शिकवतो, त्या नवी मुंबईत सध्या एक विशिष्ट वाहन डोळ्यांत भरू लागले आहे. संध्याकाळी वाशीहून बेलापूरकडे पामबीच मार्गाने निघावे. सुमारे दहा किलोमीटरच्या त्या रस्त्यावर एका बाजूला खाडीची तिवरे आणि दुसऱ्या बाजूला उंच इमारती. तिथे आता पोर्शची कायेन, लँड रोव्हरची रेंज रोव्हर स्पोर्ट, मर्सिडीजची जी-६३, बीएमडब्ल्यूच्या एम मालिकेतल्या उंच गाड्या आणि अधूनमधून पिवळीजर्द लांबोर्गिनी उरुस दिसते. या प्रकाराला व्यापाराच्या भाषेत 'लक्झरी परफॉर्मन्स एसयूव्ही' म्हणतात. उंची आणि आकार जीपचा, इंजिन शर्यतीच्या गाडीचे आणि आतली सजावट तारांकित हॉटेलची, असा हा संकर आहे.

संख्या थोडी आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. लांबोर्गिनीने संपूर्ण भारतात २०२३ साली १०३ आणि २०२४ साली ११३ गाड्या विकल्या. मर्सिडीज-बेंझने २०२४ साली देशात १९,५६५ गाड्या विकल्या, आणि तोपर्यंतचा तो कंपनीचा येथील उच्चांक होता. कोट्यवधी वाहनांच्या देशात हे आकडे नगण्यच. मात्र अभिरुचीचा व्यवहार बहुमताने चालत नाही, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. वरच्या थोड्यांनी जो आकार निवडला, तो खालच्या लाखोंच्या स्वप्नाचा साचा होतो. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक वाहने आता एसयूव्ही या व्यापक वर्गातली आहेत. दहा-बारा लाखांच्या गाडीलाही आज उंच बोनेट आणि दटावणारा चेहरा लागतो, तो त्या शंभर-सव्वाशे गाड्यांकडून आलेला आहे.

आमचे म्हणणे असे. या गाडीचा दोष तिच्या किमतीत नाही, तिच्या वेगातही नाही. इतरांबरोबर रस्त्यावर थांबण्याची गरजच संपली, असा समज ती विकते, आणि तो समज विकत घेतला जातो. ज्या समाजात हा समज रुजतो, तिथे 'म्हैस'सारखी कथा घडू शकत नाही. कथा घडत नाही हे नुकसान मोजायचे काम साहित्याच्या माणसांचे आहे, आणि ते आपण केलेले नाही.

वेगाचेच पाहू. उरुस भारतात जानेवारी २०१८ मध्ये आली, तेव्हा तिची किंमत कर वगैरे धरण्याआधी तीन कोटी रुपये होती. साडेसहाशे अश्वशक्ती, शून्यापासून शंभरपर्यंत पोचायला ३.६ सेकंद, कमाल वेग ताशी ३०५ किलोमीटर, वजन सव्वादोन टनांच्या आसपास. आता आपल्या राज्यातले रस्ते पाहा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटर, घाटात ६०. अटल सेतूवर १००. समृद्धी महामार्गावर १२०. म्हणजे या गाडीच्या वेगाचा निम्म्याहून मोठा हिस्सा महाराष्ट्रातल्या कोणत्याही सार्वजनिक रस्त्यावर कायद्याने वापरता येत नाही. घेणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. मग तो जे विकत घेतो ते काय आहे? वापरता न येणारी क्षमता आपल्याजवळ आहे, ही जाणीव तो विकत घेतो. थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ साली उधळपट्टीच्या प्रदर्शनाविषयी जे मांडले, त्याच्या पुढची ही पायरी आहे. इथे संपत्तीबरोबर नियमाच्या पलीकडे जाण्याची शक्यताही प्रदर्शनात मांडलेली असते.

नावांकडेही जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण नावे हा आपला विषय आहे. 'स्पोर्ट युटिलिटी व्हेइकल' यातला खेळ कुणी खेळत नाही. उपयुक्ततेचे म्हणावे, तर वाशी ते बेलापूर हे अंतर लोकलने जाणाऱ्याला त्या उपयुक्ततेची उणीव भासत नाही. राहता राहिला 'परफॉर्मन्स'. या शब्दावर आपल्या विद्यापीठांतून गेली कित्येक वर्षे चर्चासत्रे होत आहेत. सादरीकरणात कृतीइतकाच प्रेक्षक महत्त्वाचा असतो, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. जाहिरातीतला परफॉर्मन्स इंजिनाचा असतो. रस्त्यावरचा मात्र शुद्ध नाट्यशास्त्रीय अर्थाने परफॉर्मन्स असतो. सिग्नलला थांबलेल्या गाडीने नुसताच घुमवलेला आवाज कुणासाठी असतो? शेजारी एनएमएमटीच्या बसमध्ये दांडीला धरून उभ्या असलेल्या माणसासाठी. तो प्रेक्षक नसेल तर प्रयोग रद्द होईल.

'उरुस' या नावाचीही एक गंमत आहे. मराठी कानाला त्यात दर्ग्याचा उरूस ऐकू येतो, म्हणजे गर्दी, सरमिसळ, सर्वांना मोकळी असलेली जत्रा. प्रत्यक्षात तो गुरांचा पूर्वज असलेल्या, आता नामशेष झालेल्या युरोपीय रानबैलाच्या नावावरून आलेला आहे. फेरुच्चो लांबोर्गिनी यांनी मोटारींच्या आधी ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली होती, १९४८ साली. मोटारींची कंपनी १९६३ ची. बैल, ट्रॅक्टर आणि पुन्हा बैलाचे नाव घेतलेली गाडी, असा हा प्रवास आहे. 'गोतावळा' वाचलेल्या माणसाला यात ओळखीचे काही दिसू नये, याचे आश्चर्य वाटते. नारबाच्या मळ्यावरून यंत्राने ज्या बैलांना हाकलले, त्यांचे नाव आता यंत्राच्या नाकावर विराजमान आहे.

इथे आमच्यावर दोन आक्षेप येतील, आणि दुसरा गंभीर आहे.

पहिला आक्षेप मत्सराचा. मास्तरांना परवडत नाही म्हणून मास्तर चिडले. याला उत्तर सोपे आहे. परवडत नाही हे खरेच आहे, आणि ज्याला परवडत नाही त्याने बोलू नये असा नियम केला, तर मराठीतले निम्मे साहित्य रद्द करावे लागेल.

दुसरा आक्षेप आमच्याच वर्गातून आला. 'वाडा चिरेबंदी' शिकवताना अंगणातल्या ट्रॅक्टरवर चर्चा चालली होती. त्या यंत्राला प्रतिष्ठेचे प्रतीक म्हणावे, की फसलेल्या आधुनिकतेचे, असे नेहमीचे प्रश्न आम्ही विचारत होतो. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला. पनवेल तालुक्यातल्या एका प्रकल्पग्रस्त गावातला मुलगा. तो म्हणाला, "सर, आमच्याही दारात असा ट्रॅक्टर आहे. फॉर्च्युनर. फक्त तो गंजत नाही, दर रविवारी धुतला जातो." वर्ग हसला. तो हसला नाही. थोडे थांबून म्हणाला, "दारात म्हणजे दारात नाही, सर. गावठाणाच्या गल्लीत ती शिरत नाही. नाक्यावर उभी असते."

हे बोलणे समजून घ्यायचे तर या शहराचा जन्म आठवावा लागतो. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण भागांतल्या ९५ गावांच्या जमिनी सार्वजनिक कामासाठी म्हणून संपादित करायचे ठरले. भातशेती, मिठागरे आणि मासेमारीवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाच्या या जमिनी. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्यावर पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आमच्या विद्यार्थ्याच्या दारातली, किंवा दारात न शिरणारी गाडी त्या साडेबारा टक्क्यांतून आली आहे.

या गाडीकडे पाहून नवी मुंबईतला सुशिक्षित मध्यमवर्ग हसतो. गळ्यातली सोन्याची साखळी, लग्नाच्या वरातीतला गाड्यांचा ताफा, 'दादा' वाचता यावे म्हणून ४१४१ असा घेतलेला नंबर, या सगळ्यावर त्याचे विनोद तयार असतात. जमिनी विकून गाड्या घेतल्या, पैसा टिकवता आला नाही, अशी हळहळही तो व्यक्त करतो. मात्र पामबीचवरच्या कंपनी संचालकाची कायेन दिसली की तोच मध्यमवर्ग तिला अभिरुची म्हणतो. हा दुटप्पीपणा आम्हाला मान्य नाही. त्यात वर्ग आहे आणि उघड उघड जात आहे. ज्याच्या जमिनीवर आपले फ्लॅट उभे आहेत, त्याने काय विकत घ्यावे हे आपण ठरवायचे, आणि ज्याने शेअरबाजारातून कमावले त्याला मात्र कुणी विचारायचे नाही, हा न्याय कुठला? आमचा आक्षेप आगरी तरुणाच्या फॉर्च्युनरपासून सुरू होत नाही. तो त्या साच्यापाशी सुरू होतो, जो त्या तरुणापर्यंत मोठेपणाचा एकमेव आकार म्हणून पोचला. गाव गेले, शेत गेले, मिठागर गेले. परत मिळाले ते पैशात मोजता येणारे होते, आणि पैशाला या शहराने दिलेला सर्वांत दृश्य आकार उंच बोनेटची गाडी हा होता. त्याला दुसरा आकार आपण दाखवला होता का? त्याच्या बोलीत लिहिलेली किती पुस्तके आपण अभ्यासक्रमात लावली?

हे केवळ नवी मुंबईचे नाही. २०१० साली औरंगाबादेतल्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज एकदम खरेदी केल्या. मराठवाड्याच्या मागासपणाची प्रतिमा पुसण्याचा उपाय म्हणून त्याचे कौतुक झाले. पी. साईनाथ यांनी तेव्हा लक्ष वेधले होते, की त्या गाड्यांसाठी मिळालेले कर्ज शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जापेक्षा स्वस्त होते. पुन्हा ट्रॅक्टर! मराठी साहित्यात ज्या यंत्राने खेड्याचे दैव लिहिले, ते यंत्र बँकेच्या लेखी मर्सिडीजहून अधिक धोक्याचे ठरले. या वाक्यात एका कादंबरीची सामग्री आहे. आम्हाला ती कादंबरी अजून भेटलेली नाही.

राज्यसंस्थाही या अभिरुचीकडे डोळेझाक करत नाही, तिला हातभार लावते. मोठ्या गाड्यांवर आधी २८ टक्के जीएसटी आणि एसयूव्हींसाठी २२ टक्के उपकर, असे मिळून ५० टक्के होत. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि दर ४० टक्क्यांवर आला. पसंतीच्या नंबरांचे शुल्क राज्य सरकारने २०२४ साली वाढवले. ०००१ या नंबरासाठी मोठ्या शहरांत सहा लाखांपर्यंत मोजावे लागतात, आणि मोजले जातात. चार आकड्यांसाठी सहा लाख! मराठीतल्या कवीला एका संग्रहाचे जे मानधन मिळते, किंवा मिळत नाही, त्याच्याशी याची तुलना आम्ही करत नाही. वाचकांनी ती मनात करावी.

आता रस्त्याकडे येऊ. नवी मुंबईची मूळ कल्पना मोटारीभोवती रचलेली नव्हती. वस्त्यांचे टप्पे, त्यांना जोडणारी सार्वजनिक वाहतूक आणि चालत जाण्याच्या अंतरावरच्या शाळा-बाजार, असा तो विचार होता. मानखुर्द-वाशी रेल्वे १९९२ साली सुरू झाली, तिच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भार सिडकोने उचलला. एखाद्या शहराने स्वतःच्या खिशातून रेल्वे आणावी, ही केवढी मोठी गोष्ट होती! याच शहरात, बेलापूरला, कोरियांनी आर्टिस्ट व्हिलेजमध्ये घरांची वस्ती आखली. तिथले भूखंड सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटरांचे, मध्ये सामाईक अंगणे आणि हळूहळू वाढवता येतील अशी घरे. उरुसची लांबी पाच मीटरांहून थोडी जास्त आणि रुंदी दोन मीटर. म्हणजे एक गाडी सुमारे दहा चौरस मीटर जागा व्यापते. कोरियांनी एका कुटुंबाच्या घरासाठी पुरेसा मानलेला सर्वांत लहान भूखंड घेतला, तर त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा एका उभ्या गाडीने भरतो. एका गाडीला जागा द्यायची तर स्वयंपाकघर किंवा अंगण यांतले एक सोडावे लागेल. याला आम्ही काव्यात्म अतिशयोक्ती म्हणत नाही. हा साधा गुणाकार आहे.

त्यानंतरचा प्रवास पाहा. बेलापूर ते पेंधर या अकरा किलोमीटरच्या मेट्रोचे काम २०११ साली सुरू झाले आणि ती नोव्हेंबर २०२३ मध्ये धावली. एका किलोमीटरला एक वर्ष! त्यानंतर दोनच महिन्यांनी, १२ जानेवारी २०२४ रोजी, शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला. जवळजवळ बावीस किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर. मोटारीला एका फेरीचा पथकर २५० रुपये. या सेतूवर दुचाकीला बंदी आहे, रिक्षाला बंदी आहे, ट्रॅक्टरला बंदी आहे, बैलगाडीला बंदी आहे. सुरक्षिततेची कारणे आम्हाला समजतात, आणि तिथून बसही जाते हे आम्ही मान्य करतो. पण चित्र नीट पाहावे. ज्या खाडीत न्हाव्याचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या मासे धरत आले, तिच्यात खांब उभे राहिले, आणि त्या कोळ्याची स्कूटर त्या खांबांवरून जाऊ शकत नाही. रानबैलाचे नाव असलेली, ट्रॅक्टर बनवणाऱ्या घराण्याची गाडी जाऊ शकते. खरा बैल आणि खरा ट्रॅक्टर जाऊ शकत नाहीत. प्रतीक शोधण्यासाठी याहून फार लांब जावे लागत नाही.

अशा रस्त्यावर माणसे एकमेकांना भेटत नाहीत. 'म्हैस'मधल्या गाडीत सगळे एकाच बाकांवर अडकलेले असतात. पुढारी, पोलीस, प्रवासी आणि गावकरी यांना एकमेकांचे तोंड पाहणे भाग पडते. या नव्या गाडीची काच काळी, आवाज बाहेरचा आत येऊ नये अशी रचना, आणि बसण्याची जागा इतरांपेक्षा हातभर उंच. तिथून रस्त्यावरचा माणूस दिसतो तो अडथळा म्हणून. आणि जेव्हा भेट होते, तेव्हा ती कशी होते?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्श टायकन गाडीने मोटारसायकलला धडक दिली आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चालवण्याचा आरोप असलेला मुलगा अल्पवयीन होता. गाडीची नोंदणी पूर्ण झालेली नव्हती. १,७५८ रुपयांचे शुल्क भरायचे राहिले होते, असे परिवहन खात्याने सांगितले. त्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला, आणि जामिनाच्या अटींमध्ये एक अट होती: रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा. देशभर संताप उसळला, तीन दिवसांत आदेश बदलला, मुलाला निरीक्षणगृहात पाठवले गेले आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याची मुक्तता केली. खटल्याच्या गुणदोषांविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. टायकन ही एसयूव्ही नव्हती, हेही आम्ही नमूद करतो. मात्र ती त्याच घराण्याची होती, ज्याने २००२ साली कायेन आणून शर्यतीच्या गाड्यांच्या कारखान्यातून उंच गाडी विकता येते, हे जगाला दाखवले आणि इतरांना ती वाट खुली करून दिली.

आम्हाला बोलायचे आहे ते त्या निबंधाविषयी. वकील बोलले, पोलीस बोलले, राजकारणी बोलले, वाहिन्यांवर रात्रंदिवस चर्चा झाली. समाजमाध्यमांवर निबंधाचे विनोद झाले. निबंध हा ज्यांचा वाङ्मयप्रकार आहे, ज्यांनी शिवराम महादेव परांजपे यांच्यापासून दुर्गा भागवतांपर्यंतची परंपरा शिकवून पोट भरले, ते आम्ही मराठीचे प्राध्यापक मात्र गप्प होतो. आपल्या विषयाची इतकी जाहीर विटंबना आपल्या हयातीत झाली नव्हती. निबंध म्हणजे शिक्षेवर मिळणारी सूट, असा त्याचा अर्थ एका आदेशाने लावला, आणि आपल्याला त्यात आपला अपमान दिसला नाही. कारण, खरे सांगायचे तर, आपण तो प्रकार तसाच शिकवत आलो आहोत. शब्दमर्यादा, मुद्दे, सुविचार, समारोप. ज्या लेखनातून लिहिणाऱ्याचे काहीही बदलत नाही असे लेखन म्हणजे निबंध, ही व्याख्या न्यायसंस्थेने शोधलेली नाही. ती तिला आपल्या शाळा-महाविद्यालयांनी पुरवली.

आणि आपण गप्प राहिलो याला आणखी एक कारण आहे. संपत्तीविषयी लिहिण्याची भाषाच आपण कमावलेली नाही. दारिद्र्याची भाषा मराठी साहित्याने कष्टाने कमावली. अण्णा भाऊ साठे, नारायण सुर्वे, नामदेव ढसाळ यांनी ती दिली. बंद पडलेल्या गिरण्यांच्या सावलीत जगणाऱ्या कुटुंबाची भाषा जयंत पवारांच्या 'अधांतर'ने दिली. मध्यमवर्गाची कुचंबणा तर आपण इतकी लिहिली, की तिच्यात आता लिहायला जागा उरलेली नाही. पण कारखाने बंद पडून त्यांच्या जागी काचेच्या इमारती आणि मोटारींची दालने उभी राहिली, त्या दालनात शिरणारा माणूस कोण आहे? तो कशाला घाबरतो, कुणासमोर लाजतो, उंच जागेवर बसून त्याला खाली काय दिसते? तेंडुलकरांनी 'गिधाडे'त एका घराची हाव दाखवली, अरुण साधूंनी 'सिंहासन'मध्ये सत्तेच्या खोल्या उघडल्या. पण त्या वाटेने पुढे फार कुणी गेले नाही. श्रीमंत माणूस मराठीत एक तर खलनायक असतो किंवा देणगीदार. त्याचे अंतरंग लिहिण्याचे काम आपण जाहिरात लिहिणाऱ्यांवर सोपवले. त्यांनी ते चोख केले. आज या गाडीविषयी मराठी तरुणाला जे काही ठाऊक आहे, ते सर्व विकणाऱ्याने लिहिलेले आहे.

देणगीदारांचा उल्लेख झालाच आहे, तर आपलाही हिशेब मांडू. गेल्या काही वर्षांत आम्ही ज्या साहित्यिक कार्यक्रमांना गेलो, त्यांतल्या एकाच्या प्रवेशद्वारी प्रायोजकाची नवी कोरी गाडी फुलांचे हार घालून उभी होती. आत ग्रामीण साहित्याच्या वर्तमानावर परिसंवाद होता. तरुण मुले गाडीजवळ छायाचित्रे काढत होती, परिसंवादाला वीस-पंचवीस माणसे होती. आम्ही त्या गाडीवरून वळसा घालून आत गेलो, निबंध वाचले, मानधनाची पाकिटे घेतली आणि आलो. व्यासपीठावरून कुणी त्या गाडीचे नाव काढले नाही. आम्हीही काढले नाही. पुढच्या वर्षी प्रायोजक मिळणार नाही, ही भीती आयोजकांना होती. आपल्याला बोलावणार नाहीत, ही आम्हाला. तेव्हा हे टिपण इतरांना दोष देण्यासाठी लिहिलेले आहे, असे कुणी समजू नये.

श्रीमंतांनी गाड्या घेऊ नयेत असा उपदेश आम्ही करत नाही. उपदेशाने गाडी विकायची थांबत नाही, आणि उपदेश हा पुन्हा त्या तीनशे शब्दांच्या निबंधाचाच नमुना आहे. कर, पथकर, वेगमर्यादा, पादचाऱ्यांचे हक्क यांसाठी लढणारी माणसे आहेत, त्यांच्या पाठीशी उभे राहावे, हे नागरिक म्हणून आपले काम. साहित्याच्या माणसांचे काम याहून वेगळे आहे आणि ते दुसरे कुणी करणार नाही. ही वाहने वाचली पाहिजेत. त्यांच्या आतल्या माणसाला आणि त्यांच्यासमोर स्कूटरवर असलेल्या माणसाला एकाच कथेत आणले पाहिजे. पामबीचवरची संध्याकाळ, नाक्यावर उभी असलेली फॉर्च्युनर, सेतूच्या खांबांखालची होडी, हे सगळे एका गद्यात मावू शकते का, हे करून पाहिले पाहिजे. रस्त्यावर एकत्र थांबणे बंद झाले असेल, तर निदान पानावर तरी ते घडले पाहिजे.

आम्ही सुरुवात आमच्या वर्गापासून केली. त्या विद्यार्थ्याला बोलावून सांगितले, की तुझ्या दारात न शिरणाऱ्या गाडीविषयी लिही. गल्ली किती रुंद आहे, गाडी घेतली त्या दिवशी घरात काय झाले, आजी काय म्हणाली, नाक्यावर ती रात्री कोण राखते, हे सगळे लिही. तुझ्या बोलीत लिही. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "किती शब्दांचा, सर?"

शब्दमर्यादा नाही, असे आम्ही सांगितले आहे.